बोळा, बूच आणि टॅम्पॉन

पाळीचं रक्त शोषायला योनीत ठेवतात त्या 'टॅम्पॉन'चं गोत्र ऑपरेशन थिएटरमधल्या नर्सला हृदयाकडून कळतं. हृदयाभोवतीच्या पिशवीत रक्त किंवा पाणी साचलं की हृदय दाबलं जातं, त्याला धड फुलता येत नाही. हा कार्डियाक टॅम्पोनेड. यात शोषणं वगैरे काही नाही, नुसती कोंडी. बाळंतिणीचा रक्तस्राव थांबेना म्हणून गर्भाशयात फुगा ठेवून तो सलाइनने फुगवतात, तोही टॅम्पोनेडच.

शब्द फ्रेंचांचा. जुन्या 'तापों'चा नाकातून उच्चार होत 'ताँपों' झाला. अर्थ बूच, गुडदी. त्याचं मूळ जर्मॅनिक भाषांत, आणि नळाला म्हणतात तो इंग्रजी 'टॅप'ही त्याच घराण्यातला. पिंपाचं भोक बुजवणाराच पुढे तोटी होऊन बसला! तोफेच्या तोंडात पाणी जाऊ नये म्हणून बसवतात त्या दट्ट्याला इंग्रजीत टॅम्पियन म्हणतात. फ्रेंचांनी तर रबरी शिक्काही याच शब्दात कोंबलाय, त्यामुळे पासपोर्टवर ताँपों मारला तर तिथे कुणी दचकत नाही.

जखमेत, नाकात कोंबायच्या बोळ्यालाही डॉक्टर हेच नाव देत. अमेरिकेतल्या डॉ. अर्ल हास यांनी 1931 मध्ये पाळीच्या टॅम्पॉनच्या पेटंटसाठी अर्ज केला तो दाबून बसवलेला कापूस, दोरा आणि तो आत सरकवायला एकात एक बसणाऱ्या पुठ्ठ्याच्या दोन नळ्या, यासाठी. बोळा जुनाच होता, खरी करामत नळ्यांची.

पण 'बूच' या अर्थानेच घोळ घातलाय. "रक्त आत तुंबणार नाही ना?" हा प्रश्न मुली हमखास विचारतात. नाही गं बाई! तो रक्त शोषून फुगतो, आणि भरला की सरळ गळायला लागतो. पोटात हरवतही नाही, कारण गर्भाशयाचं तोंड तेवढं मोठं नसतंच.

भीती बाळगायची तर तो फार वेळ आत राहण्याची. 1980 मध्ये अमेरिकेत टॉक्सिक शॉक सिंड्रोमने तरुण बायका दगावल्या, तेव्हा प्रचंड शोषणारा एक ब्रँड बाजारातून काढून घ्यावा लागला. स्टॅफिलोकॉकस जंतूंचं विष रक्तात भिनतं, ताप चढतो, रक्तदाब कोसळतो. म्हणून आठ तासांच्या आत बदलायचा, आणि भागेल तितका कमी शोषणारा घ्यायचा. डबीवरचं 'रेग्युलर' किंवा 'सुपर' हे बाईच्या अंगाचं माप नव्हे. तो किती द्रव शोषतो त्याचं माप: रेग्युलर म्हणजे 6 ते 9 ग्रॅम, सुपर म्हणजे 9 ते 12.