क्रॅश परवडला

माटुंग्यात रुळांना लागून राहणाऱ्या माणसाने घरी गाणं रेकॉर्ड करायचं म्हणजे शेवटची लोकल जाईपर्यंत थांबायचं. मग खिडक्या लावायच्या, पंखा बंद करायचा, गाणारीने घाम पुसत माइकसमोर उभं राहायचं, आणि नेमकं अंतऱ्याच्या दुसऱ्या ओळीला सॉफ्टवेअरने मान टाकायची. स्क्रीनवर चौकोन येतो: ‘अनपेक्षित त्रुटी.’ अपेक्षित त्रुटी कशी असते, ते एकदा दाखवा तरी!

तरीही क्रॅशबद्दल माझं मत लोकांइतकं वाईट नाही. बिचाऱ्या कॉम्प्युटरवर वेळच तशी आणलेली असते. गाणारीला स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये लगेच ऐकू यावा म्हणून आपण बफर, म्हणजे कॉम्प्युटर एका खेपेला घेतो तो आवाजाचा घास, 128 सॅम्पलवर (आवाजाच्या 128 मोजमापांवर) ठेवतो. 48 किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला 48 हजार सॅम्पल धरले तर, याचा अर्थ दर खेपेला तीन मिलिसेकंदांहूनही कमी वेळ, आणि तेवढ्यात रिव्हर्ब (आवाजाचा घुमारा), कॉम्प्रेसर (आवाजाचा चढउतार आवरणारा), तानपुरा सगळं उरकायचं. मधेच वायफायचा ड्रायव्हर घुसला की आवाजात ‘टक्’. बफर 1024 केला तर टकटक थांबते, पण आवाज वीसेक मिलिसेकंद मागून येतो आणि गाणारी स्वतःचीच वाट बघत गाऊ लागते. म्हणून गाताना बफर कमी, मिक्सिंगला जास्त.

प्रोजेक्ट उघडतानाच कोसळत असेल, तर संशय आधी प्लगिनवर, म्हणजे सॉफ्टवेअरला वरून जोडलेल्या रिव्हर्बसारख्या छोट्या प्रोग्रॅमांवर. निम्मे बाजूला काढायचे, उघडून बघायचं. चाललं तर चोर काढलेल्यांत, नाही तर राहिलेल्यांत. 32 प्लगिन असले तरी पाच फेऱ्यांत चोर सापडतो, फक्त तो एकटाच असला पाहिजे. हुशारी लागत नाही, चिकाटी लागते.

आणि क्रॅश झाला म्हणून गाणं गेलंच असं नसतं. रेकॉर्डिंग ज्या वेव्ह फाइलमध्ये साठतं तिच्या सुरुवातीला तिची लांबी लिहिलेली असते, पण बरीच सॉफ्टवेअरं ती रेकॉर्डिंग थांबवल्यावरच लिहितात. मधेच सगळं कोसळलं की प्लेअर सांगतो, शून्य सेकंद. फोल्डरमध्ये बघावं तर फाइल चांगली चाळीस एमबीची! एका माइकचं 24 बिट रेकॉर्डिंग 48 किलोहर्ट्झला मिनिटाला साडेआठ एमबीच्या आसपास जागा खातं, म्हणजे जवळजवळ पाच मिनिटं आत शाबूत आहेत. ऑडॅसिटी नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘रॉ डेटा’ म्हणून ती फाइल उघडायची, 24 बिट, मोनो, 48000 असं आपण सांगायचं, सुरुवातीच्या माहितीचे बाइट (बहुधा 44) वगळायला सांगायचे, की गाणं हजर. बिटचा किंवा बाइटचा आकडा चुकला तर मात्र नुसती खरखर.

मला धास्ती असते ती चौकोन न दाखवणाऱ्या बिघाडांची. मध्यंतरी एका गाण्याची फाइल मित्राकडे मिक्सिंगला गेली होती. ती परत आल्यावर तळमजल्यावरच्या काकांना बोलावलं, पेटीचे तुकडे भरायला. गाणं काळी चारचं. काकांनी काळी चार लावली, जुळेना. पांढरी पाचला गळा खाली वाटायचा, काळी तीनला वर. भाता सोडून म्हणाले, “अरे, या बाई कुठल्या पट्टीत गातायत? ही पट्टी माझ्या पेटीत नाही. आणि एवढ्या दमल्यासारख्या का गातायत?”

दोन्ही तक्रारींचं कारण एकच. गाणं 48 किलोहर्ट्झवर घेतलेलं, मित्राचा प्रोजेक्ट 44.1 किलोहर्ट्झचा, आणि त्याच्या सॉफ्टवेअरने फाइल न बदलता तशीच, म्हणजे हळू, वाजवली. त्यामुळे सूर जवळजवळ दीड पट्टी उतरला, आणि चार मिनिटांचं गाणं वीसेक सेकंदांनी लांबलं. कुठे एरर नाही, इशारा नाही. प्रोजेक्ट 48 वर आणून मित्राने पुन्हा फाइल पाठवली, काळी चार चोख लागली.

काकांनी मग हे सॉफ्टवेअर केवढ्याला पडलं ते विचारलं. प्लगिन धरून आकडा सांगितला.

“एवढ्यात डबल रीडची नवी पेटी आली असती,” काका म्हणाले, “आणि ती क्रॅश होत नाही.”