मला बसवत नव्हतं

उद्यमबाग या बेळगावच्या कारखान्यांच्या भागातल्या एका वर्कशॉपमध्ये मी टर्नर, म्हणजे लेथ मशीनवर काम करणारा आहे. चार वर्षांपूर्वी लेथच्या घरघरीत मला माझं नाव ऐकू यायला लागलं. शेजारचा गडी खोकला तरी ती माझ्यासाठीच खूण वाटायची. घरच्यांनी आधी देवस्की बघितली, मग काका मला बेळगावात मनोविकाराच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. रिस्पेरिडोन नावाची गोळी सुरू झाली, रोज ४ मिलीग्रॅम.

आवाज एकदम बंद झाले नाहीत. आधी लांब गेले, मग त्यांच्याकडे लक्ष जाईनासं झालं. महिन्याभरात लेथ नुसती लेथ झाली.

पण दुसऱ्या आठवड्यापासून मला बसवेना. ताटावर दोन घास घेतले की उठायचं. रात्रभर अंगणात फेऱ्या. पाय दुखत नव्हते, मुंग्याही नव्हत्या; आतून कोणीतरी सारखं ढकलतंय असं व्हायचं. आई म्हणायची, "बस रे बाळा जरा." आणि मला रडू यायचं. जीव नकोसा झाला होता. घरच्यांना वाटलं, खूळ वाढलं.

डॉक्टर कन्नड बोलणारे, माझं कन्नड कारखान्यापुरतं. 'तळमळ' कशी सांगायची? मी म्हणालो, "भाळ ब्यासर." म्हणजे फार कंटाळा, फार उदास. त्यांनी आजार उचल खातोय असं समजून गोळी ६ मिलीग्रॅम केली. फेऱ्या दुप्पट झाल्या.

पुढे दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या पायांकडे बघितलं. "मन अस्वस्थ आहे, का पाय स्वस्थ राहत नाहीत?" त्यांनी हे मराठीतच विचारलं. तेव्हा मला या त्रासाचं नाव कळलं: अकॅथिसिया. त्यांनी कागदावर मेंदू काढून समजावलं. डोपामाइन हे मेंदूतलं एक रसायन; त्याचा जोर वाढला की साध्या गोष्टीलाही भलताच अर्थ चिकटतो. ही गोळी डोपामाइनच्या डी-२ नावाच्या जागा अडवते, म्हणून खुणा आणि आवाज विरतात. पण हालचालींचा ताबाही डोपामाइनवरच चालतो. तिथल्या जागा जास्त अडल्या की अंग ताठरतं, हात कापतात, नाहीतर माझ्यासारखं बसवत नाही. म्हणजे गोळीचा गुण आणि तिचा त्रास एकाच मुळातून येतात. हे मला पहिल्याच दिवशी कोणी सांगायला हवं होतं.

गोळी पुन्हा ४ वर आली, जोडीला ही तळमळ कमी करणारी प्रोप्रॅनोलॉल नावाची गोळी. दहाव्या दिवशी मी पाटावर बसून अख्खी भाकरी खाल्ली. आई ताटाकडे बघतच राहिली.

मधे बरं वाटतंय म्हणून मी गोळी परस्पर सोडली होती. तिसऱ्या आठवड्यात लेथ पुन्हा बोलायला लागली. हे कोणी करू नये. त्रास कितीही असो, डॉक्टरांना सांगून मात्रा बदलून घ्यावी. रात्री-अपरात्री कोणाला विचारायचं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा फुकटचा नंबर आहे.

वर्षभरात वजन ९ किलो वाढलं. या औषधांनी भूक वाढते, साखरही वाढू शकते, म्हणून वजन आणि रक्त तपासत राहावं लागतं. बायकांची पाळी चुकू शकते, दूधही येऊ शकतं. लाजेने ते लपवू नये.

आता खिशात एक चिठ्ठी असते. मराठीत 'बसवत नाही', खाली कन्नडमध्ये 'कुंद्राक आगवल्दु'. शेजारच्या मुलानं लिहून दिली. सध्या ३ मिलीग्रॅमवर आहे. गुरुवारी तपासणी, उपाशीपोटी जायचंय.