काट्यावरचा खडा

"दिवसभर खिडकीत बसून काय करलालास बे?" अण्णांनी कारखान्याच्या दारातूनच विचारलं.

"ओळींच्या शेवटी उगाच राहिलेल्या मोकळ्या जागा काढतोय, अण्णा."

"मोकळ्या जागा? म्हणजे काहीच नाही ते?"

"काहीच नाही."

"आन् काही नाही ते काढायला पगार देतेत?"

देतात. सोलापूरच्या साखर पेठेत आमच्या भिंतीला लागूनच अण्णांचे चार माग आहेत. त्यांची खटखट सुरू झाली की माझ्या मीटिंगमधल्या पुण्याच्या लोकांना वाटतं, कुणीतरी दार वाजवतंय. मी साखर कारखान्यांच्या वजनकाट्यांचा प्रोग्राम सांभाळतो. उसाची ट्रॉली काट्यावर चढते, खालचे लोडसेल, म्हणजे वजन मोजणारे ठोकळे, दाबले जातात, केबिनमधल्या डब्यावर आकडा उमटतो. त्या डब्यातला सगळा कोड सी भाषेत आहे. हंगामात त्याला हात लावायची कुणाची छाती नसते. मे महिन्यात काटे रिकामे, ऊन त्रेचाळीसवर, तेव्हा वरून निरोप आला: कोड जरा आवरून घे.

हा कोड तीन पिढ्यांनी लिहिलाय. पहिला माणूस टर्बो सी या जुन्या अवजाराच्या निळ्या पडद्यावर वाढलेला, ओळ आत सरकवायला दोन स्पेस देणारा. दुसऱ्याने टॅब मारले. तिसऱ्याने दोन्हीची मिसळ केली. एकाचा महिरपी कंस ओळीच्या शेवटी, दुसऱ्याचा खालच्या ओळीवर ऐसपैस बसलेला. कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या कंपायलरला यातलं काही दिसत नाही, त्याला सगळं सारखंच. भांडणं होतात ती माणसांत. लिनक्स या संगणकप्रणालीच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, नियमावलीत टॅब आठ अक्षरांचा, आणि तीन पायऱ्यांपेक्षा जास्त आत जावं लागत असेल तर तुमचा प्रोग्रामच दुरुस्त करा, असं लिनक्सचे जनक टॉरवाल्ड्स यांनी दरडावूनच लिहिलंय. आमच्या कोडात एके ठिकाणी मी सात पायऱ्या मोजल्या. तिथं ओळ सुरू होते तीच पडद्याच्या मध्यावर.

ओळ ऐंशी अक्षरांची असावी, हा नियम मात्र मला जवळचा वाटतो. आयबीएमने 1928 मध्ये ऐंशी रकान्यांचं पंच कार्ड काढलं, पुढे पडदेही बहुतेक तेवढेच रुंद झाले, आणि कार्डं रद्दीत गेली तरी सवय राहिली. कर्नलवाल्यांनी आपल्या तपासणीतली मर्यादा शंभरवर नेली ती 2020 मध्ये. आणि भोकाच्या कार्डानं यंत्राला हुकूम द्यायची युक्ती त्याच्याही आधीची, जॅकार्डच्या 1804 च्या मागाची. अण्णांच्या दोन मागांवर अजून पुठ्ठ्याची कार्डं आहेत. दोरीनं ओवलेली माळ वरून शिडीसारखी लोंबते, फिरते. जिथं भोक तिथं सुई आत जाते, हूक वर उचलला जातो, उभा धागा वर येतो. चुकून पडलेल्या भोकावर अण्णांनी कागदाची पट्टी चिकटवलीय. ती पट्टी तेलकट, काळी, बघायला घाण. पण मोराचा डोळा जागेवर येतो तो तिच्यामुळेच.

असो. टॅब, कंस, स्पेस हे सगळं क्लँग-फॉरमॅट नावाचं अवजार चहा होईपर्यंत उरकतं. माझा जीव अडकला तो कमेंटमध्ये, म्हणजे कोडात माणसांसाठी लिहिलेल्या, यंत्र न वाचणाऱ्या टिपांमध्ये.

पहिल्या पिढीला ताऱ्यांच्या चौकटींची फार हौस. वर ताऱ्यांची रांग, खाली ताऱ्यांची रांग, उजवीकडेही तारे, रुखवतावर मांडल्यासारखे. आत एक शब्द वाढवला की उजवी भिंत फुगते. मी दोन दिवस या भिंती सरळ करत होतो. अशाच एका चौकटीत लिहिलं होतं, "तीन वाचनांची सरासरी घेतो." खालचा कोड आठ घेत होता. चौकट मी इतकी सुरेख जुळवली होती की ते तीन क्षणभर मलाही खरं वाटलं. तेव्हापासून मी आधी वाचतो, मग तारे मोजतो.

बाकीच्या कमेंट म्हणजे सोलापूरच. रोमन लिपीतलं मराठी, मध्येच एखादा कानडी नाही तर तेलुगू शब्द. आय नावाचा आकडा एकने वाढवायच्या ओळीशेजारी इमानदारीत लिहिलेलं, "आय एकने वाढवला." एके ठिकाणी, "दिवाळीनंतर बघू." कुठली दिवाळी ते लिहिलेलं नाही. आणि रिकाम्या काट्याचा शून्य साठवायच्या फंक्शनवर, "इथं हात लावू नको बे." पहिली कमेंट मी काढली. दुसरी काढताना जरा वाईट वाटलं. तिसरी ठेवली.

मग मला शहाणपण सुचलं. सीमध्ये /* ने सुरू झालेली कमेंट पहिल्या */ ला संपते, तिच्या पोटात दुसरी मावत नाही. त्यामुळे कोडचा मोठा तुकडा तात्पुरता झाकायचा तर आतली छोटी कमेंट आड येते. दोन तिरक्या रेघांच्या // कमेंटला हा त्रास नाही, आणि 1999 च्या प्रमाणापासून ती सीमध्ये अधिकृत आहे. मी एक स्क्रिप्ट लिहिली आणि सगळ्या कमेंट एका फटक्यात बदलून टाकल्या.

नुसती मांडणी बदलली असेल तर कोडपासून बनून डब्यात जाणारी हेक्स फाइल आधीची आणि नंतरची तंतोतंत जुळायला हवी. जुळली नाही. याचं कारण मला माहीत होतं: असर्ट, म्हणजे कोडातल्या खात्रीच्या तपासण्या, त्यांच्यात ओळीचा क्रमांक शिरतो, ओळी सरकल्या की आकडे बदलतात. दहा-बारा फरक बघितले, सगळे असर्टचेच निघाले. उरलेले मी बघितले नाहीत.

संध्याकाळी टेबलावरचा डबा चालू केला. काट्यावर काही नाही, आणि आकडा चाळीस किलो. तारा हलवल्या, लोडसेल बदलला, पंखा बंद केला. चाळीस. रात्री अकरा वाजता, शेंगाचटणी लावलेली कडक भाकरी दाताखाली मोडत असताना, मला ते चित्र दिसलं. पहिल्या माणसानं कमेंटमध्ये काटा काढला होता. डावीकडून चढ, मध्ये सपाट, उजवीकडून उतार:

// ___/==========\

चित्र मात्र मोठं झकास. पण शेवटचं अक्षर उलटी तिरकी रेघ. सीमध्ये ओळीच्या अगदी शेवटी ती आली की पुढची ओळ हिलाच जोडलेली, असा अर्थ होतो. जुन्या कमेंटला त्यानं फरक पडत नव्हता, तिचा शेवट */ ठरवत होतं. // चा शेवट ओळ ठरवते. उतारावरून माझी कमेंट घसरली ती खालच्या ओळीवर, आणि ती ओळ होती साठवलेला शून्य परत वाचायची. कोडची ती ओळ कमेंट होऊन गप बसली. जीसीसी हा आमचा कंपायलर याची सूचना देतो, पण आमच्या बिल्डमध्ये सगळ्या सूचना कुणीतरी केव्हाच गप्प करून ठेवल्या होत्या. कुणी केल्या ते गिटच्या ब्लेमला, म्हणजे कुठली ओळ शेवटी कुणी बदलली ते सांगणाऱ्या हुकुमाला, विचारलं, तर आवराआवर झाल्यामुळे प्रत्येक ओळीवर माझंच नाव. (फक्त मांडणीचे बदल ब्लेमनं सोडून द्यावेत अशी सोय गिटमध्ये 2019 पासून आहे. मी ती दुसऱ्या दिवशी लावली.)

सूचनाही दुसऱ्या दिवशी चालू केल्या. तीनशेच्या वर निघाल्या. त्यांचं दिवाळीनंतर बघू.

चित्र पुसून टाकणं सोपं होतं. पण काटा कसा बसवलाय, चढ कुठल्या बाजूला, हे अख्ख्या कोडात तेवढ्या एकाच ठिकाणी कळतं. मी उताराच्या टोकाला, उलट्या रेघेनंतर, एक टिंब दिलं. शेवटचं अक्षर टिंब झालं आणि खालची ओळ सुटली. डबा चालू केला: शून्य.

तपासणीत पुण्याहून प्रश्न आला, चित्राच्या टोकाला हे टिंब कशाला, बाकी सगळीकडे तर एवढी सफाई केलीस? मी कारण लिहून पाठवलं, आणि चित्राखाली रोमन लिपीतल्या मराठीत एक ओळ वाढवली:

// खडा आहे. झाडू नको बे.