तू-४, १:७२ : नॅसेल (इंजिनांची कवचं) आणि तोफा झाल्या, चंदेरी रंग पावसामुळे अडला

मंडळी, माझ्या तू-४ या सोव्हिएत बॉम्बर विमानाच्या मॉडेलचे पंख बसले. १:७२ मध्येही, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं असूनही, टोकापासून टोकापर्यंत जवळपास ६० सेंटीमीटर भरतात, त्यामुळे विमान फिरवायचं तर आधी टेबलावरचा दिवा उचलावा लागतो. फ्यूजलाजची (विमानाच्या धडाची) शिवण दोनदा पुट्टी भरून ओल्या सँडपेपरने घासली. चंदेरी रंगाखाली केसाएवढी भेगही लपत नाही, म्हणून तिसऱ्यांदा भरावी लागली तरी चालेल.

नव्यांसाठी थोडक्यात: किट (जोडायच्या सुट्या भागांचा संच) अमेरिकन बॉम्बर बी-२९ सुपरफोर्ट्रेसचा आहे आणि त्यातून मी तिची सोव्हिएत नक्कल, तुपोलेव तू-४, करतोय. ब्रिटिशांचं ‘वॉशिंग्टन’ केलं असतं तर काम सोपं होतं. ती अमेरिकेकडून उसनी घेतलेली खरीच बी-२९ विमानं, डेकल (चिकटवायच्या खुणा) बदलले की झालं. पण तू-४ची गोष्ट माझ्या मनातून जाईना. १९४४ मध्ये मोहिमेवर असताना अडचणीत आलेली तीन बी-२९ विमानं व्लादिवोस्तोककडे उतरली. सोव्हिएत संघ तेव्हा जपानशी तटस्थ होता, त्यामुळे विमानं तिथेच राहिली. ज्या बॉम्बर कमांडची ही विमानं होती, तिचे मुख्य तळ आपल्याकडे होते: खरगपूर, चाकुलिया, पियारडोबा, दुधकुंडी. हिमालय ओलांडून चेंगडूला जायचं आणि तिथून पुढे हल्ल्याला. म्हणजे मॉस्कोत ज्याचा सांधा न् सांधा सुटा करून मोजला, ते विमान त्याआधी बंगालच्या उन्हात तापलेलं होतं. हे वाचलं त्याच दिवशी किट मागवला.

आता मॉडेलच्या दृष्टीने खरी गंमत. अमेरिकन पत्रा इंचात. एक सोळांश इंच म्हणजे १.५८७५ मिलिमीटर, आणि सोव्हिएत कारखान्यांत पत्रा मिलिमीटरच्या मापात निघायचा. तसाच्या तसा पत्रा मिळणारच नव्हता. विमान-रचनाकार तुपोलेवच्या माणसांनी कुठे किती ताण येतो ते पाहून कुठे ०.८ तर कुठे १.८ मिलिमीटरचा पत्रा घेतला, आणि तरीही रिकाम्या विमानाचं वजन मूळच्यापेक्षा जेमतेम एक टक्का वाढलं. माझ्या मते नक्कल करण्यातलं सगळ्यात अवघड काम हेच. पण १:७२ मध्ये तो सोळांश इंच ०.०२२ मिलिमीटर होतो, प्रायमरच्या थरात बुडून जाईल इतका. त्यामुळे मॉडेलवर फरक दिसणार तो इंजिनांत आणि तोफांत.

इंजिनं नक्कल केलेली नाहीत. इंजिन-रचनाकार श्वेत्सोवचं एएश-७३टीके हे इंजिन सोव्हिएतांचं स्वतःचं होतं. तेही १८ सिलिंडरचं, आणि त्याच्या घराण्याची सुरुवात राइट या अमेरिकन कंपनीच्या सायक्लोन इंजिनाच्या परवान्यावर बनलेल्या एम-२५ पासून. बी-२९चं इंजिनही राइटचंच, म्हणजे दोघं चुलत भाऊच. पण कवचाखालच्या हवेच्या वाटेची ठेवण वेगळी. मॉस्कोजवळच्या मोनिनोच्या विमान-संग्रहालयातल्या तू-४चे फोटो समोर ठेवून किटच्या नॅसेलचा खालचा ओठ करवतीने काढला, अर्ध्या मिलिमीटरच्या प्लॅस्टिक शीटचे थर चिकटवले आणि कार्डबोर्डचा साचा लावत लावत घासले. चार वेळा तेच. तिसरं नॅसेल वाकडं गेलं, ते प्रायमर मारल्यावर कळलं. फोडून नव्याने केलं. अकरा संध्याकाळी यात गेल्या, पण आता समोरून चारही एका ओळीत दिसतात तेव्हा फार समाधान वाटतं.

तोफा त्या मानाने लवकर झाल्या. माझ्या किटमध्ये पुढच्या वरच्या टरेटला (तोफांच्या फिरत्या घुमटाला) चार मशीनगन आहेत. तू-४ला पाचही जागी दोन-दोन, एकूण दहा. किटची भोकं बुजवून इंजेक्शनच्या सुया कानशीने कापून बसवल्या. जाडी २३ मिलिमीटरच्या एनएस-२३ तोफेला शोभेल अशी धरली आहे.

वजनाचं लक्षात ठेवा. पुढे चाक असलेलं विमान, शेपटीवर बसू नये म्हणून नाकात शिसं हवं, आणि नाक सगळं काचेचं. मासेमारीच्या गळाची शिशं ठोकून चपटी केली आणि कॉकपिटमागच्या भिंतीआड व पुढच्या चाकाच्या खोबणीवर एपॉक्सीने बसवली. काचा जोडायच्या आधी टेपने नुसतं बांधून तोल बघा, नंतर आत हात जात नाही.

रंग थांबलाय. चकचकीत काळा प्रायमर दोनदा मारला आणि दोन्ही वेळा पावसाच्या दमटपणाने त्यावर दुधाळ झाक आली. उघडीप मिळेपर्यंत काचांचं मास्किंग (रंग लागू नये म्हणून टेपने झाकणं) चालू आहे, रोज पाच-सहा तुकडे.

खुणांचं मात्र ठरलं. ३ ऑगस्ट १९४७ला मॉस्कोच्या तुशिनो विमानतळावर पहिल्यांदा दाखवलेल्या तीन विमानांपैकी एक करायचं मनात होतं. पण सुरुवातीच्या तू-४वर २० मिलिमीटरच्या तोफा होत्या आणि माझ्यावर २३च्या बसल्यात. त्यामुळे नंतरच्या उत्पादनातलं करतोय. मुख्य चाकांच्या खोबणीचा आतला रंग दिसेल असे मोनिनोचे स्वतः काढलेले फोटो कुणाकडे असतील तर कृपया पाठवा. ती जागा मी अजून उघडीच ठेवली आहे.