जावयाला काय ठाऊक?

रविवार, रात्री साडेदहा. मेलबर्न.

दुपारी पुन्हा शेजारच्या आजींकडे. पुढ्यात चहा, बिस्किटं आणि त्यांच्या खापरपणजोबांचा 1884 सालचा मृत्यूचा दाखला. इथले, व्हिक्टोरिया राज्यातले, जुने दाखले म्हणजे घबाडच! वय 67, धंदा खाणकाम, वसाहतीत येऊन 30 वर्षं, बापाचं नाव, आईचं माहेरचं आडनाव, सगळी मुलं वयासकट, वारलेलीसुद्धा. माझ्या पणजीचं माहेरचं आडनाव कुणी विचारलं तर मी नुसताच बघत बसेन.

आडनाव ‘ट्रे’ने सुरू होतं, म्हणजे मूळ इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाचं, कॉर्नवॉलचं. तिथल्या जुन्या भाषेत ट्रे म्हणजे वाडी, वस्ती. आपलं ‘कर’ गावाच्या मागे लागतं, यांची वस्ती पुढेच.

महिनाभर अडलो होतो 1841 च्या जनगणनेपाशी. गडी तेव्हा 24 चा हवा, आणि कॉर्नवॉलच्या ग्वेनॅप गावात त्या नावाचा सापडायचा तो 20 चा. दोनदा सोडून दिला. मग कळलं की त्या वेळी पंधरा वर्षांवरच्यांचं वय पाचाच्या पटीत खाली आणून लिहायचं, अशी सूचना होती. 24 चे झाले 20. आजींनी टेबलावर अशी थाप मारली की चहा बशीत.

1851 च्या जनगणनेत तोच, तांब्याच्या खाणीत. बायको, तीन मुलं. धाकटी मुलगी 3 वर्षांची. इकडे आले त्या बोटीच्या यादीत मात्र ती नाही. दाखल्यावरही नाही, वारलेल्या मुलांतसुद्धा नाही. आधी वाटलं, आपण भलतंच कुटुंब धरलंय. मग दाखल्यावर माहिती देणाऱ्याचं नाव पाहिलं. जावई! लग्न इथलं, त्याला तिकडचं कोण सांगणार? सासऱ्यांनी कधी तोंडातून काढलं नसेल.

इंग्लंडच्या मृत्युसूचीत त्या नावाची एकच नोंद मिळाली: रेडरूथ जिल्हा (ग्वेनॅप त्यातच), 1852 ची जून तिमाही, वय 4. आजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

दाखला मागवलाय. लहान मूल गेलं तर तिकडे धंद्याच्या रकान्यात बापाचं नाव आणि काम लिहीत, त्यामुळे तीच की दुसरी कुणी ते कळेल. आजींनी वंशावळीच्या मोठ्या कागदावर तिचं नाव घातलं. पेन्सिलीने. “दाखला येऊ दे, मग शाई,” म्हणाल्या.