मशीननं कापलंय, मग हातचं कसं?

तुम्ही विचारलंत म्हणून. तसं दर प्रदर्शनात हे कोणी ना कोणी विचारतंच. टेबलावरचं मी केलेलं शुभेच्छाकार्ड उचलतात, उलटसुलट करून बघतात, फुलाची कड बोटानं चाचपतात आणि मग हळूच म्हणतात, "हे मशीननं कापलंय ना? मग याला हॅण्डमेड कसं म्हणता?" किंमत ऐकल्यावर हा प्रश्न आला तर त्यात थोडी घासाघीस असते, त्याआधी आला तर खरी शंका असते. तुमची शंका खरी होती. मी तेव्हा गडबडीत होते, हसून वेळ मारून नेली. आता नीट सांगते.

पूर्वी माझं उत्तर तयार असायचं. "चकली सोऱ्यातून पाडतो, म्हणून ती घरची नसते का?" लोक हसायचे, विषय संपायचा. मग एकदा दिवाळीआधीच्या प्रदर्शनात एका आजींनी मला पकडलं. म्हणाल्या, "चकलीचं राहू दे गं. साच्यातल्या मोदकाला हातचा मोदक म्हणशील का?"

नाही म्हणणार. आमच्याकडे हातवळणीचे मोदक वेगळे आणि साच्याचे वेगळे. साच्याचे केले तर वाढताना आपण होऊन सांगायचं, "यंदा वेळ नव्हता हो." आजी जिंकल्या. त्यांनी एक कार्ड घेतलंही, पण ते मला समजावल्यासारखं. तेव्हापासून सोऱ्याचं उत्तर मी देत नाही.

आधी ते मशीन काय आहे ते सांगते, कारण मशीन म्हटलं की डोळ्यापुढे कारखाना येतो. माझं मशीन विजेवर चालत नाही. दोन रूळ आणि बाजूला एक दांडा. वरच्या मजल्यावरचा मुलगा त्याला 'रसाचा चरक' म्हणतो, आणि त्याचं बरोबरच आहे. उसाऐवजी एक चळत घालायची: खाली जाड पाट, त्यावर प्लास्टिकची पाटी, पाटीवर कागद, कागदावर धार खाली करून डाय, वर आणखी एक पाटी. डाय म्हणजे पत्र्याची बारीक नक्षी, एका बाजूनं धारेची. दांडा फिरवला की पाट्या कडाकडा वाजतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी घाबरून हातच काढला. पण तो आवाज येतोच.

चळत पलीकडून बाहेर आली की फूल अलगद सुटावं अशी अपेक्षा. सुटत नाही. रुळांचा दाब कडेला पुरतो, मध्ये कमी पडतो, म्हणून मधली पाकळी हटकून चिकटून राहते. मग डायच्या पाठीला साध्या कागदाचा कपटा लावायचा आणि पुन्हा फिरवायचं. जाळीची नक्षी असेल तर मध्ये बटर पेपर घालायचा, नाहीतर कागद डायमध्येच अडकून बसतो आणि सुईनं एकेक भोक मोकळं करावं लागतं. पाट्या काही महिन्यांत पापडासारख्या वळतात, त्या उलट्या घालून सरळ करायच्या.

कार्डांवर मी स्टेन्सिल, म्हणजे भोकांतून रंग भरायचा साचा, आणि शिक्केही वापरते, पण त्यांच्याबद्दल तुम्ही विचारलं नव्हतंत. कोणीच विचारत नाही. बहुधा त्या दोन गोष्टी आपण सगळ्यांनीच केलेल्या असतात म्हणून. भेंडी आडवी कापून रंगात बुडवली की फूल, हे शाळेतलं ठसेकाम. कागदावर पिंपळाचं पान ठेवून टूथब्रशवर कंगवा घासत रंग उडवायचा, ही झाली उलटी स्टेन्सिल. आणि सरळ स्टेन्सिल हवी असेल तर चातुर्मासात दारापुढे गोपद्मं काढायचा पत्र्याचा छापा होताच. त्यात रांगोळी भरून टपकन ठोकायचं. माझ्या आजीच्या छाप्याची दोन भोकं बुजलेली होती, त्यामुळे आमच्या दारातल्या गायीला कायम एक खूर अर्धा असायचा. त्या रांगोळीला कोणी 'छाप्याची' म्हणून हिणवल्याचं मला आठवत नाही. आजीची रांगोळी होती ती.

मग सगळा राग डायवरच का? नारायण पेठेत ट्रेडलवर, म्हणजे जुन्या पद्धतीच्या छापयंत्रावर, लग्नपत्रिका छापणारे एक काका ओळखीचे आहेत. पत्रिकेची कमान कापायची, म्हणजे पंचिंगची, त्यांच्याकडची डाय प्लायवूडमध्ये पोलादी पट्ट्या वाकवून बसवलेली असते, आणि कापलेला कागद परत ढकलायला पट्ट्यांच्या शेजारी रबराचे तुकडे. ते एकदा घरी आले होते. मी कौतुकानं मशीन दाखवलं. त्यांनी एक फूल कापून बघितलं आणि म्हणाले, "म्हणजे पंचिंगच की हो, ताई. फक्त हळू."

हे मला चांगलंच लागलं, कारण खरं होतं. त्यांच्याकडे दुपारभरात हजार पत्रिकांना कमानी पडतात आणि त्यांना कोणी हॅण्डमेड म्हणत नाही. माझ्याकडे तीच कमान एका कार्डाला पडते, एवढ्यानं ती हातची कशी झाली?

याचा छडा मला एका ऑर्डरनं लागला. दिवाळीची साठ कार्डं हवी होती, सगळी एकसारखी. पणती, मागे स्टेन्सिलनं केशरी उजेड, खाली सोनेरी अक्षरं. पहिली पाच करताना मी रंग बदलून बघत होते, पणती डावीकडे की उजवीकडे यावर चहा गार होत होता. पंधराव्यापर्यंत हात बसला. तिसाव्याला माझ्या लक्षात आलं की मी रेडिओ ऐकतेय आणि कार्डं होताहेत. चरक मीच झाले होते. ती साठ कार्डं उत्तम झाली, पैसेही वेळेवर मिळाले, पण पाठीमागे 'हॅण्डमेड'चा शिक्का मारायला हात होईना. शेवटी काहीच लिहिलं नाही. अजूनही मोठ्या ऑर्डरवर लिहीत नाही. घेणाऱ्यांनाही काही फरक पडत नाही, हे आपलं माझं माझ्याशी.

एकट्या कार्डात काय होतं ते सांगते. गडद निळ्या कागदावर चिकट पारदर्शक शाईनं शिक्का मारायचा. तेव्हा काहीच दिसत नाही. वर सोनेरी एम्बॉसिंग पावडर, म्हणजे गरम केली की वितळून उठाव देणारी भुकटी, टाकून झटकायची. ती राखेसारखी मळकट दिसते. मग खालून हीट गन, म्हणजे कढत हवा सोडणारं यंत्र, धरायची. आठदहा सेकंद काही होत नाही, आणि मग एका टोकाला अक्षर ओलं झाल्यासारखं चमकतं. ती चमक पुढे पळत जाते, आणि तिच्या मागोमाग आपण गन न्यायची. थांबलात तर सोनं कागदात मुरतं आणि तेलाच्या डागासारखं दिसतं. घाई केलीत तर दाणे तसेच राहतात. हे एवढं बघणं मला दर वेळी नवं असतं, रेडिओ बंद करावा लागतो.

याच कामात एकदा कोपऱ्यात माझ्या अंगठ्याचा पूर्ण ठसा सोन्यात उमटला. हाताला तेलकटपणा असला, कागद जरा दमट असला की पावडर तिथे बसते, आणि पुण्यातल्या जुलैत कागद दमटच असतो. आता मी आधी कागदावर टाल्कम पावडर भरलेला पायमोजा फिरवते. ते अंगठ्याचं कार्ड मी टाकून दिलं. चूक केली. हातचं असल्याचा याहून पक्का पुरावा तुम्हाला कुठून दाखवणार होते?

आणि गंमत बघा, कागदच हातचा घेतला तर मशीन त्याला जुमानत नाही असं नाही, तोच मशीनला जुमानत नाही. आमच्या शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, तिथला सुती चिंध्यांचा कागद मला फार आवडतो. पण त्यातले धागे डायखाली तुटत नाहीत, ताणले जातात. फुलाच्या कडेला बारीक लव राहते. शिक्काही त्यावर कुठे उठतो, कुठे नाही. म्हणून खाली तो कागद फाडून लावायचा, पट्टी धरून, कड खरखरीत ठेवून, आणि कापायचं काम गुळगुळीत कार्डशीटवर. कार्डाच्या पायासाठी ३०० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला तीनशे ग्रॅम भरणारा, कागद घेते. ए-फोर अर्धा करून दुमडला की त्याचंच वजन नऊ ग्रॅमच्या वर जातं. मग फुलं, थर, पाकीट. पोस्टाच्या वीस ग्रॅमच्या पहिल्या टप्प्यात बसवायचं तर फुलं मोजून लावावी लागतात, म्हणून स्वयंपाकघरातला वजनकाटा आता माझ्याच टेबलावर असतो.

या धंद्यातलं जुनं उदाहरण द्यायचं तर लंडनच्या हेन्री कोल यांचं. १८४३च्या नाताळात पत्रांना उत्तरं लिहून होईनात म्हणून त्यांनी जॉन कॉलकॉट हॉर्स्ली या चित्रकाराकडून एक कार्ड काढून घेतलं, छापलं आणि उरलेली एक शिलिंगला विकायला ठेवली. विकायला आलेलं पहिलं नाताळकार्ड ते. चित्र शिळाप्रेसवर छापलेलं आणि रंग मात्र हातानं भरलेले. म्हणजे हा घोळ पहिल्या दिवसापासूनचा आहे.

खरी अडचण मला हाताची नाही, मराठीची येते. बाजारातल्या डाय आणि शिक्के सगळे 'हॅपी बर्थडे'वाले. मग मी अप्पा बळवंत चौकाजवळ रबरी शिक्के करून देणाऱ्याकडे गेले. म्हटलं, 'शुभेच्छा' असा शिक्का हवा. तो म्हणाला, "खाली संस्थेचं नाव?" नाही. "तारीख?" नाही. "सही करायला जागा?" मी म्हटलं, नुसतं शुभेच्छा. त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मी काहीतरी बेकायदेशीर करतेय. शिक्का झाला, पण पहिल्याच छापात च्छ म्हणजे एक काळा ठिपका. जोडाक्षरातल्या फटी शाईनं भरतात. दुप्पट मोठा करून घेतला तेव्हा कुठे वाचता आला.

कापायचं म्हटलं तर आपली लिपी मोठी सोयीची. शिरोरेखा सगळ्या अक्षरांना धरून ठेवते, अख्खा शब्द एका तुकड्यात उचलता येतो. रोमन सुट्या अक्षरांना हे जमत नाही. फक्त अनुस्वार तेवढा अधांतरी. अक्षरं झाली की तो वेगळा सुटून पडतो.

आत्याच्या पंचाहत्तरीला मी 'अभिनंदन' कापायला घेतलं. डाय नव्हतीच, म्हणून पेन्सिलनं अक्षरं काढली आणि कटरनं कापत बसले. भ-ची गाठ दोनदा तुटली. वेलांटीला पातं तिरकं धरावं लागलं. तिसऱ्या प्रयत्नाला शब्द अखंड उचलला गेला, वाईन रंगाचा, आणि कड इतकी स्वच्छ आली होती की मीच दोनदा बोट फिरवून बघितलं. चिकटवून झाल्यावर अनुस्वार शोधायला लागले तर तो नाही. टेबलावर नाही, मांडीवर नाही, पंख्यानं कुठे गेला कोण जाणे. रात्रीचे अकरा वाजले होते, पुन्हा गोल कापायची ताकद नव्हती. आरशावर मरून रंगाच्या टिकल्यांचं पाकीट होतं. त्यातली सगळ्यात बारीक घेतली आणि नं-वर लावली.

पाचव्या दिवशी आत्याचा फोन आला. आधी हसली. "अनुस्वाराला टिकली लावलीस होय गं? सगळ्या सुनांना दाखवली मी." मग म्हणाली, "टिकली तेवढी वाकडी बसलीय. पण अक्षरं काय सुरेख आलीत! मशीनवर कापलीस ना?"

मी हो म्हटलं.