खुब्याचा एक्स-रे आणि हुकलेला माज

कुत्रीचा एक माज हुकला की पुढचा यायला साधारण सहा-सात महिने जातात. कुत्री कामाची असेल तर तो पुढचाही उपयोगाचा असेलच असं नाही. हा हिशेब मी दवाखान्याच्या काउंटरवर परत परत मांडला आणि दर वेळी एकच उत्तर ऐकलं, "रिपोर्ट यायचाय." पिल्लं आपापल्या घरी जाऊन आता बराच काळ झाला, तरी ते शब्द कानावर पडले की माझं डोकं फिरतं.

आमची झिपरी बॉर्डर कॉली, मेंढ्या वळणारी. तिची वीण घ्यायची का, हा प्रश्न अवघड नव्हता. तिची दोन वर्षं उलटून गेली होती आणि कळपावरचं तिचं काम रोज डोळ्यांसमोर होतं. लांबून वळसा घेऊन, कळप न बिथरवता ती मागे पोचायची. एखादी म्हातारी मेंढी पाय आपटत समोर उभी ठाकली तर भुंकणं नाही, चावणं नाही. मान खाली, नजर रोखलेली, एकेक पाऊल पुढे. शेवटी मेंढीच तोंड फिरवायची. हे गुण सहा महिन्यांच्या पिल्लात कळत नाहीत. पिल्लू मेंढ्यांमागे धावलं म्हणून लगेच वंश वाढवायला निघणाऱ्यांशी माझं जमत नाही.

वीण कधी घ्यायची, हे मात्र बसून ठरवावं लागलं. गाभणपण सुमारे ६३ दिवसांचं. त्यातले शेवटचे तीन-चार आठवडे धावपळ बंद. मग पिल्लं आठ आठवड्यांची होईपर्यंत आई त्यांच्यात अडकलेली. म्हणजे जवळपास तीन महिने कळपावर कुत्रा नाही, आणि अंगात पुन्हा दम भरायला लागतो तो वेळ वेगळाच. मेंढ्या वितात त्या काळात हे परवडत नाही. त्यामुळे येऊ घातलेला माज आम्हाला चालणारा होता, त्यानंतरचा चालणार नव्हता.

डोळ्यांची तपासणी आणि गालाच्या आतून बोळा फिरवून केलेली डीएनए चाचणी पटकन उरकली. कॉली आय अ‍ॅनोमली या डोळ्यांच्या दोषाची झिपरी कॅरिअर निघाली, म्हणजे दोष तिला नाही, पण पिल्लांकडे जाऊ शकतो. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. नर त्या दोषापासून मोकळा निवडला की सरासरी निम्मी पिल्लं कॅरिअर होतात, पण आजारी एकही होत नाही.

अडलं ते खुब्यापाशी. कामाच्या कुत्र्याला खुब्याचा दोष असला तरी तो कामाच्या धुंदीत दुखणं दाखवत नाही, म्हणून "पळते की छान" याला अर्थ नसतो. खुबे किती चांगले याची श्रेणी लावून घ्यायची तर एक्स-रे लागतो, आणि तो कसाही काढून चालत नाही. कुत्री भूल देऊन उताणी, मागचे पाय सरळ ताणलेले, मांडीची हाडं समांतर, गुडघ्याच्या वाट्या मधोमध. कंबर जराही कलली तर श्रेणी लावणारे तो परत पाठवतात. फोटोवर मायक्रोचिपचा नंबर आणि तारीख हवी, ते वेगळंच.

आमच्या दवाखान्यात एक्स-रे निघाला, फाईल पुढे गेली आणि मी थांबलो. फोन केला, रिपोर्ट यायचाय. जाऊन आलो, रिपोर्ट यायचाय. आवाज चढवल्यावर काउंटरवरच्या माणसाने संगणकात शोधलं, तर उत्तर कधीच येऊन पडलं होतं. एका ओळीचं: कंबर तिरकी, फोटो पुन्हा काढावा. कोणी उघडूनच बघितलं नव्हतं. मी तिथेच तो फोटो दाखवायला लावला. कमरेच्या हाडात डावी-उजवीकडे दोन भोकं दिसतात, ती सारखी दिसायला हवीत. झिपरीच्या फोटोत एक भोक चांगलं गोल होतं आणि दुसरं चिंचोळं. मला, म्हणजे ज्याला एक्स-रेतलं काही कळत नाही त्याला, ते दिसत होतं. काढणाऱ्याला दिसलं नाही?

पुन्हा काढायची तारीख मिळेपर्यंत झिपरी माजावर आली. त्या दिवसांत हार्मोनमुळे सांधा सैल दिसू शकतो, त्यामुळे माजाच्या आगेमागे तीन-चार आठवडे एक्स-रे टाळतात. "नराकडे नेऊन टाका, रिपोर्ट काय, येईलच," असा सल्ला काउंटरवरून मिळाला. गाभण कुत्रीला भूल देऊन एक्स-रे काढायचा, आणि खुबे वाईट निघाले तर पिल्लांचं काय करायचं, हे मी विचारलं. उत्तर नाही. तो माज गेला. पुढचा ठरल्याप्रमाणे ऐन मेंढ्या वितात तेव्हा आला, तोही गेला. एक्स-रे मी दुसरीकडे काढला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी झिपरी भुलीतून उठायच्या आत पडद्यावर भोकं तपासली, जरा कललेला एक फोटो खोडला आणि लगेच दुसरा घेतला. श्रेणी चांगली आली.

पुढे विशेष अडलं नाही. फक्त बीजं कधी सुटतील हे कळायला प्रोजेस्टेरॉन या हार्मोनची तपासणी करणार असाल तर आकड्यापुढचं एकक वाचा. मिलीलिटरला ५ नॅनोग्रॅम म्हणजे लिटरला सुमारे १६ नॅनोमोल. नरवाले एका एककात बोलतात, लॅब दुसऱ्यात लिहिते. साधारण त्या पातळीला बीजं सुटतात, पण ती पिकायला आणखी दोनेक दिवस लागतात, म्हणून आकडा गाठला की त्याच रात्री गाडी काढायची नसते. आणि हे नराकडे जायच्या आधीचं, आत्ता आठवलं: ब्रुसेला या संसर्गाची तपासणी दोघांचीही, त्याने गर्भ पडतो.

पिल्लांसाठी फोन भरपूर आले. पहिला प्रश्न रंगाचा असला की मी दोन वाक्यांत फोन संपवायचो. दिवसभर घरात कोण असतं, काम कोणतं देणार, आधीच्या कुत्र्याचं काय झालं, एवढं मी विचारायचो. कोणाला कुठलं पिल्लू, हे मीच ठरवलं. धीट पिल्लू गुरांवर काम करणाऱ्याकडे, हळवं जरा शांत माणसाकडे. आठ आठवड्यांचं पिल्लू पुढे मेंढ्या वळेलच, असं मी कोणालाही सांगितलं नाही आणि सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. डोळे मात्र पिल्लं जायच्या आधी, सहा ते आठ आठवड्यांत तपासून घ्यावेत. पुढे डोळ्यात रंग भरला की सौम्य दोष झाकला जातो. करारात एक अट मी कोणासाठी सैल केली नाही: सांभाळणं जमलं नाही, तर कुठल्याही वयात कुत्रा माझ्याकडेच परत.

एका कुटुंबाला दोन बहिणी एकत्र हव्या होत्या, "एकमेकींना सोबत होईल" म्हणून. दोन्ही एकमेकींतच गुंततात, माणसाकडे लक्ष कमी देतात, आणि शिकवायला प्रत्येकीला वेगळा वेळ लागतो. मी एकच देतो म्हणालो, ते रागावून गेले. त्यातली एक पिल्ली माझ्याकडे चार महिन्यांची होईपर्यंत राहिली, हाकेला येणं आणि "बस" शिकली, आणि मग एका गुराख्याने तिला नेलं. त्याने रंग विचारला नाही, आईचं काम बघायला मागितलं.